नारळाला लंगोट

"मी काय बगत नाय हां, पन दिसतं."

हे वाक्य म्हणताना मावशी आमची कचऱ्याची बादली कडीला धरून जरा वर उचलायच्या, दुकानदार वजन अजमावतो तशी हलवायच्या आणि मग घंटागाडीत उलटी करायच्या. अंगात नारिंगी जाकीट, साडी वर खोचलेली, नाकातोंडाला टॉवेल बांधलेला. बादली परत देता देता त्या आमच्या घरच्या बातम्या आम्हालाच सांगत.

"काल पाव्हनं व्हतं वाटतं."

"वैनी म्हायेरी गेल्या काय? तीन दिस नुसती अंड्याची टरफलंच हायत."

रत्नागिरीत नाचणे गावाच्या बाजूला आमची गल्ली आहे. बायको, मधुरा, एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये रक्त तपासते. साडेसहाला ती स्कूटर काढते. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि मला अकराला जायचं असतं. त्यामुळे दूध, पाणी, कचरा ही सकाळची तीन खाती माझ्याकडे. पावणेआठला गाडी वाजली की मी दोन्ही बादल्या घेऊन फाटकात उभा. तुमच्याही गल्लीत अशी कुणीतरी मावशी येत असेल. तिचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का, आठवून बघा. मलाही ठाऊक नव्हतं.

एका घरातलं त्या दुसऱ्या घरात कधी सांगत नसत. ज्याचं त्यालाच सांगायच्या. समोरच्या बंगल्यात एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांना मधुमेह, आणि बायकोचा कडक पहारा. ते पेढ्यांचे रिकामे खोके वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकत. एक दिवस मावशी त्यांना फाटकापाशी हळूच म्हणाल्या, "गुरुजी, कागद येवढा जाड नका लावू. बाय विचारतील, रद्दी कुठं जाते." ही गोष्ट गुरुजींनीच मला हसत हसत सांगितली. त्यानंतर त्यांनी पेढे सोडले नाहीत, फक्त कागद पातळ केला.

आमच्या घरातली सर्वांत मोठी बातमी मावशींना आमच्या आईवडिलांच्याही आधी कळली. औषधाच्या दुकानातून आणलेली ती तपासणीची पट्टी मी तीन कागदांत गुंडाळली होती, वर केळीच्या साली पसरल्या होत्या. तीन महिने कुणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलेलं. दुसऱ्या दिवशी मावशींनी रिकामी बादली माझ्या हातात दिली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वैनींना आता स्कूटर चालवायला देऊ नका. खड्डे लय हायत."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मी काय बगत नाय हां, पन दिसतं."

सई जन्मली ती थंडीत. देवरूखहून सासूबाई आल्या, येताना डिंकाचे लाडू, वेखंड आणि स्वतःची ठाम मतं घेऊन आल्या. त्यांच्या वयाच्या बायका जुन्या पद्धतीच्या असतात असा माझा समज होता. तो पहिल्याच दिवशी गेला. मधुराने सहज विचारलं, "आई, लंगोट शिवायचे का गं?" तशा त्या चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "नाव काढू नकोस. तुम्हां दोघांचे धुऊन धुऊन माझ्या बोटांची सालं गेली. तेव्हा ही डायपरं असती तर मी त्यांची पूजा केली असती." त्यानंतर भाजीच्या यादीत कोथिंबिरीखाली डायपरचं पुडकं कायमचं जाऊन बसलं.

दिवसाला सात-आठ लागत. गुंडाळायचे, बादलीत टाकायचे, झाकण लावायचं. किती सोपं! मी मित्रांना सांगायचो, बाप होणं म्हणजे लोक उगाच बाऊ करतात.

एवढंच झालं, की मावशी बोलेनाशा झाल्या. बादली हलवणं नाही, पाहुण्यांची चौकशी नाही. येत, बादली ओतत, जात. आधी वाटलं, बरं नसेल. मग वाटलं, घरी काही झालं असेल; नवरा मुंबईला वॉचमन होता, मुलगी सावर्ड्याला दिलेली, एवढं मला कळलेलं होतं. एकदा विचारलंही, "मावशी, सगळं ठीक?" त्या म्हणाल्या, "ठीक हाय की." आणि पुढच्या घराकडे वळल्या.

मे महिन्यातली गोष्ट. एका सकाळी गाडी निघून गेली आणि स्वयंपाकघराच्या दारामागे एक पिशवी राहिलेली दिसली. सईला सासूबाईंकडे देऊन मी पिशवी घेऊन धावलो. गल्लीच्या वळणावर चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण आहे, त्याच्या पलीकडे गाडी थांबलेली होती. ड्रायव्हर चहाला गेला असावा. मावशी गाडीमागे उकिडव्या बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर एक पिवळी पिशवी फोडलेली होती. पिशवी आमची होती. आमच्या नेहमीच्या साडीच्या दुकानातली.

त्या डायपर निवडून काढत होत्या.

भाताची शितं, भेंडीची देठं, चहाचा चोथा, आणि त्यातून एकेक डायपर. गाडीच्या मागे वेगळा लाल डबा होता, त्यात टाकत होत्या. एक नीट गुंडाळलेला नव्हता. तो रात्रीचा, मीच घाईत टाकलेला. मावशींनी मान एका बाजूला वळवली, श्वास धरला आणि तो उघड्या हाताने उचलला. मग हात बाजूच्या गवतावर पुसला आणि पुन्हा पिशवीत घातला.

मी गडग्याच्या अलीकडे उभा होतो. मोजायचं नव्हतं तरी मोजलं गेलं. सात झाले. आठवा माझ्या हातातल्या पिशवीत होता.

मी तसाच परत फिरलो.

त्या गाडीवर भोंगा आहे. ओला कचरा, सुका कचरा आणि डायपर वेगवेगळे द्या, असं तो रोज सकाळी ओरडून सांगतो. मी रोज ऐकत होतो. म्हणजे इतक्या वेळा ऐकलं होतं की ऐकू येणं बंद झालं होतं. त्या दिवशी बारावीच्या सुट्टीतल्या जादा वर्गात मी एक गणित तीनदा चुकलो. पोरं खूश झाली.

संध्याकाळी बाजारातून रबरी हातमोज्यांचा जोड आणला. दुसऱ्या दिवशी डायपर जुन्या वर्तमानपत्रांत बांधले, वर लाल पेनाने फुली मारली, आणि तो गठ्ठा वेगळा घेऊन फाटकात उभा राहिलो. मावशींनी गठ्ठा पाहिला, मोजे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"काल पिशवी द्यायला आलात आनि तसंच गेलात?"

"मावशी, चुकलं माझं," एवढंच म्हणालो.

"तुमचं येकट्याचं थोडंच हाय? या रस्त्याला सात घरांत पोरं हायत."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"काय बोलनार? पोराच्या घानीला घान म्हनू नये. पोर हाय तें." त्यांनी लाल फुलीवर बोट ठेवलं. "हे बरं केलंत. पन सर, हा कापूस नाय वो. पावसात फुगतो. डेपोवर उचलायला गेलं की येक-येक असा जड लागतो. आनि सडत नाय. मी गाडीवर आले त्या सालातले अजून तसेच पडलेले असतील तिथं."

मोज्यांचं त्यांनी हसून स्वागत केलं. "आमाला देतात हो मोजे. घामानं निसटतात. हे बगू." मग जाता जाता वळून म्हणाल्या, "तुमच्यात जुनं सुती लुगडं नाय काय?"

त्या वाक्यात उपदेश काही नव्हता. मीठ आहे का, असं विचारावं तसं विचारलं होतं. पण मला ते दिवसभर पुरलं.

रात्री जेवताना मी जाहीर केलं, "उद्यापासून सईला लंगोट."

मधुराने भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. "धुणार कोण?"

"मी."

लॅबमध्ये नमुन्यावर चुकीचं लेबल लागल्याचा संशय आला की तिची जी नजर होते, ती माझ्यावर झाली. "लिहून दे."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "जावईबापू लंगोट धुणार! देवरूखात कळलं तर माझ्या बहिणी आठ दिवस हसतील. आणि ऐका हो, मी त्या बादलीला हात लावायची नाही. आधीच सांगते."

"लावू नका. पण एखादं जुनं पातळ द्याल का?"

"मुळीच देणार नाही," त्या म्हणाल्या, आणि दिलं नाही.

मग मी तयार लंगोट आणले. दोन डझन, पांढरेशुभ्र, इतके खळीचे की उभे केले असते तर राहिले असते. पहिल्या दिवशी बांधलेला लंगोट सईच्या गुडघ्यापर्यंत घसरला. दुसऱ्या दिवशी घट्ट बांधला, तर पोटावर वळ उठले आणि मला मधुराची बोलणी खावी लागली. तिसऱ्या दिवशी गुरुजींनी कौतुकाने सईला मांडीवर घेतलं. त्यांचं धोतर नवीन होतं. ते "मी जरा जाऊन येतो" म्हणून उठले आणि त्या दिवशी परत आले नाहीत.

चौथ्या दिवशी मावशी फाटकात उभ्या राहून दोरीकडे बघत होत्या.

"सर, ते लंगोट हायत की झेंडे?"

मी सगळं सांगितलं. धोतरासकट.

"आना इकडं येक," त्या म्हणाल्या आणि लगेच हात मागे घेतला. "नको. माज्या हाताला घान हाय. तुमीच करा, मी सांगते. तो नारळ घ्या."

पायरीशी सोललेला नारळ पडला होता. मी तो घेतला आणि अंगणातल्या कट्ट्यावर लंगोट पसरला.

"शेंडी वर करा. वर डोकं ना तिचं! हां. आता मधी जुन्या कापडाची घडी ठेवा, जाड. पोरगा असंल तर घडी फुडं, पोरीला मधी आनि मागं."

"मागं का?"

"तुमी मास्तर ना? मग पानी कुठं जातं तें तुमीच सांगा."

मी निमूट घडी मागे सरकवली.

"आता खालचं टोक वर घ्या. नाडी पोटावर नको, कमरेच्या हाडावर. नारळाला हाड नाय, पन तुमी आसा धरून चाला. दोन बोटं आत जातात काय? जायला हवीत."

मी नारळाच्या लंगोटात दोन बोटं घालून बघत होतो आणि त्याच वेळी गुरुजी दुधाची पिशवी घेऊन फाटकाशी आले. आधी त्यांनी नारळ पाहिला, मग मला आणि शेवटी मावशींना.

"काय चाललंय?"

"सरांची परीक्षा हाय गुरुजी," मावशी म्हणाल्या.

"पास का?"

"नारळ रडत नाय म्हनून पास. आता पोरीवर बगू."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मावशी गेल्या. त्या दिवशी सईचा लंगोट दुपारपर्यंत जागचा हलला नाही. मी मधुराला फोन करून ही बातमी दिली, तेव्हा ती म्हणाली की तिच्यासमोर एक पेशंट सुई टोचून घ्यायला बसलाय आणि तो माझ्यामुळे हसतोय.

दुसऱ्या दिवशी बादली पुन्हा हलली. "वजन उतरलं वो तुमच्या घराचं," मावशी म्हणाल्या. मला परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं झालं.

मग माझा एक क्रम बसला. घाण आधी संडासात, मग लंगोट साध्या पाण्यात भिजत, मग साबणाची वडी, मग कढत पाणी, मग ऊन. बावीस लंगोट एका रांगेत वाळत असलेले बघताना वाटणारा आनंद मी कुणाला समजावून सांगू शकलेलो नाही. डायपरमुळे सईच्या मांड्यांवर उठलेलं लाल पुरळही गेलं. सासूबाई गॅलरीतून बघायच्या आणि मधूनच एखादं वाक्य टाकायच्या. "निळीचं पाणी नका घालू, बाळाला चालत नाही." "उलटे वाळत घाला, शिवण वाळत नाही नाहीतर." बादलीला हात लावायचा नाही हा शब्द मात्र त्यांनी पाळला.

मावशी रोज दोरीवर नजर टाकायच्या आणि अंक सांगायच्या. "आज बावीसच? दोन कुठं?" एक अंगावर, एक भिजत, असा हिशोब मला द्यावा लागायचा.

जुलै आला आणि माझा गर्व धुऊन गेला. आठवडाभर पाऊस हटला नाही. गॅलरी, स्वयंपाकघर, पलंगाच्या दांड्या, सगळीकडे लंगोट, आणि सगळे दमट. घराला एक आंबूस वास सुटला. इस्त्रीने वाळवावं तर वीज जायची. शेवटी एका सकाळी मी ओले लंगोट पिशवीत भरले आणि महाविद्यालयात घेऊन गेलो. प्रयोगशाळेत मोठे पंखे आहेत आणि लोखंडी स्टँड भरपूर आहेत. पहिला तास मोकळा होता. मी स्टँडना दोऱ्या बांधल्या, लंगोट टांगले, पंखे सोडले आणि दार ओढून घेतलं.

पहिला तास मोकळा होता तो माझा. बारावीच्या एका तुकडीचा नव्हता. त्यांच्या बाई मुलांना घेऊन आल्या, दार उघडलं, आणि अठरा लंगोट वाऱ्यावर फडफडत त्यांना सामोरे आले. एका मुलाने विचारलं म्हणे, "बाई, हा प्रयोग अभ्यासक्रमात आहे का?"

ही हकीकत मी मावशींना सांगितली तेव्हा त्या गाडीच्या पायरीवर खाली बसल्या. हसून हसून टॉवेल तोंडावरून सुटला. "आरं देवा," म्हणत त्यांनी डोळे पुसले. "काय लिवलात फळ्यावर? लंगोटाचा नियम?" ड्रायव्हरही खाली उतरून आला. त्यालाही मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

त्याच आठवड्यात मी हरलो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. गुपचूप डायपरचं एक पुडकं आणलं, कपाटात वर ठेवलं, आणि वापरलेले डायपर बांधून महाविद्यालयाच्या वाटेवर, दुसऱ्या वस्तीतल्या गाडीत देऊ लागलो. मावशींसमोर न्यायला लाज वाटत होती. पाचव्या दिवशी त्यांनी बादली घेतली, हलवली नाही.

"सर, दोरी रिकामी, बादली रिकामी. पोरीचं पोट बिघडलंय काय?"

मी खाली बघितलं. "नाही."

"मग घ्या की वापरायला! पाऊस हाय, परवास हाय, कोन आजारी हाय. वापरा वो. तुमाला कोनी सुळावर चढवतंय काय? फक्त कागदात बांधून फुली मारा आनि मलाच द्या. दुसऱ्या बाईच्या डोक्यावर कशाला?"

दुसऱ्या बाईच्या. म्हणजे हेही त्यांना ठाऊक होतं. त्या दिवसापासून मी पावसाळ्यात रात्री एक डायपर आणि दिवसा लंगोट असं ठरवलं, आणि मन शांत झालं. कुठलाही मोठा निश्चय मला यापेक्षा जास्त मानवला नाही.

त्या वर्षभरात रस्त्यावरच्या आणखी दोन घरांत लंगोट दिसू लागले. बाकीच्यांकडून लाल फुलीचे गठ्ठे यायला लागले. मावशींनी कुणाला काही शिकवलं असेल असं वाटत नाही. त्या फक्त म्हणायच्या, "त्या फाटकातल्या सरांना इचारा." एक तरुण आई खरंच आली. मी नारळ घेऊन बसलो.

सई चालायला लागली, मग "शू" सांगायला लागली. मार्च संपता संपता लंगोट कपाटात गेले. धुऊन धुऊन ते इतके मऊ झाले होते की टाकवेनात. एक दिवस मावशी नेहमीपेक्षा जास्त वेळ फाटकात रेंगाळल्या.

"सर, लंगोट काय केलात?"

"आहेत. का?"

"पोरीला दिवस हायत. सावर्ड्याच्या. सासू नाय तिला, मलाच जायचं हाय." त्यांनी बादली खाली ठेवली. "नव्या बाळाला पयलं वापरलेलं कापड घालतात. चांगल्या घरातलं, हसत्या पोराचं."

"आत्ता आणतो," म्हणून मी वळलो.

"आत्ता नको!" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की ड्रायव्हरने मागे पाहिलं. "गाडीत नका घालू. तें पोराला पयलं लागनार. मी आयतवारी येते. आंघोळ करून."

रविवारी दहाच्या सुमारास दाराची कडी वाजली. सासूबाई सुट्टीला आलेल्या होत्या, त्यांनी दार उघडलं. समोर हिरवी काठाची साडी, केसांत अबोलीचा वळेसर, हातात नवी कापडी पिशवी. "या, या, बसा ना," सासूबाई म्हणाल्या आणि पाणी आणायला आत आल्या. "अंगणवाडीतल्या बाई दिसतात, सईच्या लसीचं काही असेल," त्या मला हळूच म्हणाल्या.

"आई, त्या घंटागाडीवरच्या मावशी आहेत."

सासूबाई तांब्या हातात घेऊन उभ्या राहिल्या. मला खरं सांगायला हवं: त्या क्षणी मी घाबरलो होतो. याच सासूबाई सईला रोज सांगायच्या, "गाडीजवळ जाऊ नको हां, छी आहे." मधुराही दारात थबकली होती. बाहेर मावशी खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या. त्यांना आतलं ऐकू गेलं असेल का, हे मला आजही माहीत नाही.

सासूबाईंनी तांब्या-भांडं नेलं. स्वतः नेलं. मग आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मधुराने लंगोटांची चळत आणली, मी मावशींना चहा दिला. सई त्यांच्या वळेसराकडे हात करून उभी होती.

सासूबाई आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात हळदीकुंकवाचा करंडा होता आणि दुसऱ्या हातात एक जुनं सुती पातळ. मी मागितलं तेव्हा न दिलेलं.

"हे घ्या. लुसलुशीत झालंय अगदी. मधे घडी घालायला बरं पडतं. चौकोन कापा, त्रिकोण नको." त्यांनी मावशींच्या कपाळाला कुंकू लावलं. "पहिलं का दुसरं?"

"पयलं."

"मग तर घाबरेल पोरगी. तुम्ही जवळ राहा."

"व्हय. म्हनून तर जाते."

मग त्या दोघी जी बोलायला बसल्या, ती गाडी बाळंतशेप, ओवा, शेक, दूध येण्यासाठी अळीव अशी कितीतरी वेळ चालली. दोघींच्याही बोटांची सालं कधी ना कधी गेलेली होती, ते निघालं. सासूबाई हात पुढे करून दाखवत होत्या, मावशीही. मधेच सई मावशींच्या मांडीवर चढली आणि तिथेच झोपली. मावशींनी निघताना चळत पिशवीत भरली नाही. पदर पुढे केला. मधुराने त्यात लंगोट घातले, वर सासूबाईंनी पातळ ठेवलं, वर एक नारळ.

मे अखेरीस मावशी सावर्ड्याला गेल्या. पंधरा दिवसांनी येते म्हणाल्या होत्या. मधल्या काळात ठेकेदार बदलला, माणसं बदलली. आता गाडीवर एक नवा माणूस येतो. कामात चोख आहे, मोजे घालतो, बादली घेतो, ओततो, देतो. आमच्या घरी कोण आलं, कोण गेलं, हे त्याला कळतं की नाही, मला माहीत नाही. मीही एकदाच त्याच्याशी बोललो, पावसाबद्दल.

आषाढात एका सकाळी फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"सर, मी बोलते." आवाजावरून लगेच कळलं. "मुलगा झाला. आता महिन्याचा हाय. दिवसाला वीस वो, वीस! पाठ मोडली माझी. नि पाऊस काय थांबत नाय."

"मावशी, तुम्ही परत कधी येणार?"

"कुठली येते आता! पोरगी दुकानात कामाला जानार, मग याला कोन बगनार? वैनी बऱ्या? सई..." तेवढ्यात मागे बाळ रडायला लागलं. "थांबा हां, येते," त्या म्हणाल्या आणि फोन तसाच कुठेतरी ठेवून गेल्या.

मी ऐकत राहिलो. बाळाचं रडणं जवळ आलं, मग थांबलं. पाण्याची धार, बादलीचा आवाज. आणि मग मावशी कुणाशी तरी अगदी हळू आवाजात बोलू लागल्या, "झालं, झालं. कोन माजा राजा? ओलं झालं व्हतं? झालं हां." हा आवाज मी इतक्या सकाळींत कधी ऐकला नव्हता. तो आमच्या फाटकात ऐकू येण्याचं काही कारणही नव्हतं.

मी फोन कानाला धरून दारात उभा होतो. बाहेर घंटागाडी आली, थोडी थांबली, आणि माझी बादली न घेता पुढे निघून गेली.